'लाइफ इटसेल्फ': नायक रुग्णालयात असताना केलेला माहितीपट

डिसेंबर २०१२ मध्ये शिकागोत एका माहितीपटाचं चित्रीकरण सुरू व्हायचं होतं. नायक होते चित्रपट-समीक्षक रॉजर ईबर्ट, वय सत्तर. दिग्दर्शक होते स्टीव्ह जेम्स. चित्रीकरणाच्या तोंडावरच ईबर्ट यांच्या खुब्याच्या हाडाला तडा गेला आणि कॅमेरा पहिल्यांदा लागला तो रुग्णालयाच्या खोलीत. चार महिन्यांनी, ४ एप्रिल २०१३ रोजी, ईबर्ट गेले. माहितीपट मात्र पुरा झाला.

माणूस हयात आहे, त्याच्यावर माहितीपट करायचा आहे आणि तो मध्येच हातातून निसटू लागला, तर काय करायचं? हा पेच आपल्याकडेही अनेकांना पडतो, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं. मुख्य माणसं सार्वजनिक जीवनातली असल्यामुळे त्यांची नावं दिली आहेत. रुग्णालय, परिचारिका आणि कुटुंबातली बाकीची मंडळी अनामच ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

ईबर्ट १९६७ पासून 'शिकागो सन-टाइम्स'चे चित्रपट-समीक्षक होते आणि शेवटपर्यंत त्याच वर्तमानपत्रात राहिले. १९७५ मध्ये त्यांना समीक्षेसाठी पुलित्झर हे अमेरिकी पत्रकारितेतलं मानाचं पारितोषिक मिळालं. चित्रपट-समीक्षकाला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्याच वर्षी प्रतिस्पर्धी 'शिकागो ट्रिब्यून'चे समीक्षक जीन सिस्केल यांच्यासोबत त्यांचा दूरचित्रवाणी कार्यक्रम शिकागोतल्या सार्वजनिक वाहिनीवर सुरू झाला. दोन समीक्षक शेजारी बसून भांडतात आणि शेवटी अंगठा वर किंवा खाली करतात, हा प्रकार पुढे अमेरिकाभर पोहोचला. ज्यांनी त्यांचं एकही परीक्षण वाचलं नव्हतं त्यांनाही तो अंगठा ठाऊक होता.

२००२ मध्ये त्यांना थायरॉइडचा कर्करोग निघाला. नंतर तो लाळग्रंथीत आढळला. २००६ मध्ये जबड्यावर शस्त्रक्रिया झाली आणि पाठोपाठ गुंतागुंत. बोलणं, खाणं, पिणं तिन्ही कायमचं गेलं. खालचा जबडा राहिला नाही. खाली लोंबणाऱ्या त्वचेमुळे तोंड सतत उघडं, जरासं हसल्यासारखं दिसायचं. या काळात त्यांचं लिखाण कमी होईल असं कुणालाही वाटलं असतं. झालं उलटच. एकट्या २०१२ सालात त्यांनी ३०६ परीक्षणं लिहिली. २०११ मध्ये 'लाइफ इटसेल्फ' हे आत्मचरित्र आलं. त्यावर माहितीपट व्हावा असं पटकथाकार स्टीव्हन झेलियन यांच्या मनात आलं. दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीही निर्मितीत सामील झाले आणि काम जेम्स यांच्याकडे आलं.

जेम्स यांची निवड कुणाला खटकली नाही, पण तिच्यात एक गाठ होती. १९९४ मध्ये जेम्स यांचा 'हूप ड्रीम्स' आला. बास्केटबॉलच्या जोरावर गरिबीतून वर येऊ पाहणाऱ्या शिकागोतल्या दोन मुलांवरचा तो लांबलचक माहितीपट अजून वितरकाच्या शोधात होता, तेव्हाच सिस्केल आणि ईबर्ट यांनी आपल्या कार्यक्रमात त्याची बाजू घेतली. ईबर्ट यांनी त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम चित्रपट म्हटलं, पुढे दशकातला सर्वोत्तमही. ऑस्करच्या माहितीपट विभागात त्याला नामांकन मिळालं नाही, तेव्हा दोघांनी जाहीर आवाज उठवला. म्हणजे ज्याच्यावर चित्रपट करायचा त्याचं दिग्दर्शकावर चांगलं मोठं ऋण होतं.

अडचण

मुळात योजना साधी होती. ईबर्ट बोलू शकत नसले तरी घराबाहेर पडत होते. चित्रपटांचे खासगी खेळ, घरच्या मेजवान्या, पत्नी चॅझ यांच्यासोबतचे प्रवास, लॅपटॉपवर चाललेलं लिखाण, हे सगळं टिपायचं आणि त्यात आत्मचरित्रातला भूतकाळ गुंफायचा. आजार असेल, पण मागे. पुढे असेल तो आजारावर मात करून जगणारा माणूस.

खुब्याच्या दुखण्याने हे सगळं कोलमडलं. तपासण्यांमध्ये कर्करोग पसरल्याचं कळलं. चित्रीकरणाचे पुढचे महिने रुग्णालय आणि पुनर्वसन केंद्र यांतच गेले. ट्रेडमिलवर एकेक पाऊल टाकणं, नळीतून अन्न, खाटेवर मांडीवर लॅपटॉप. अडचणी खरं तर तीन होत्या आणि तिन्ही एकमेकांत अडकलेल्या.

पहिली, नायक बोलत नाही. मुलाखत हा अशा माहितीपटाचा कणा असतो आणि इथे प्रत्येक उत्तर टंकलिखित यायचं किंवा संगणकाच्या यांत्रिक आवाजात. दुसरी, आता कॅमेऱ्यासमोर वेदना येणार होत्या. त्या किती दाखवायच्या आणि ते ठरवायचं कुणी? तिसरी, दिग्दर्शकाचं ऋण. ज्याने आपल्याला उभं केलं तो डोळ्यांदेखत खचत असताना त्याच्या दोषांबद्दल सरळ बोलणारा चित्रपट करता येतो का?

तिसरी अडचण मला सगळ्यांत अवघड वाटते. पहिल्या दोन निदान डोळ्यांना दिसत होत्या.

पर्याय

चित्रीकरण थांबवून ईबर्ट घरी परतण्याची वाट पाहणं हा माणुसकीला धरून असलेला पर्याय. पण ते परततील याची खात्री नव्हती आणि ते न परतते तर हाती फक्त जुनी चित्रफीत आणि इतरांच्या आठवणी उरल्या असत्या. असे श्रद्धांजलीपट आपण ढिगाने पाहिले आहेत.

आजार टाळून केवळ भूतकाळावर चित्रपट करणं हा दुसरा. सामग्री भरपूर होती. जुने कार्यक्रम, त्यांच्या ध्वनिमुद्रणातले टाकून दिलेले तुकडे, स्कॉर्सेसी, वर्नर हेर्झोग, एरॉल मॉरिस यांच्यासारख्या दिग्दर्शकांच्या मुलाखती. पण वर्तमान गाळलं तर चित्रपटाचा गाभाच गेला असता. आणि मुख्य म्हणजे ते ईबर्ट यांनाच मान्य झालं नसतं.

तिसरा पर्याय, आहे ते टिपायचं. रुग्णालय, नळ्या, खचणं, सगळं. यात धोका उघड होता. सहा वर्षांपूर्वी तोंड गमावलेल्या माणसाचा चेहरा मोठ्या पडद्यावर दोन तास. प्रेक्षक मान वळवतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे कणव करत बसतील.

निर्णयाची मुळं: १९९९

तिसरा पर्याय निवडला गेला. पण तो जेम्स यांनी निवडला असं म्हणणं अपुरं आहे. माझ्या मते तो निर्णय चौदा वर्षांआधीच झाला होता.

सिस्केल यांना १९९८ मध्ये मेंदूत गाठ असल्याचं कळलं. ती किती गंभीर आहे हे त्यांनी जवळजवळ सगळ्यांपासून लपवलं, ईबर्ट यांच्यापासूनही. काम करत राहिले. २० फेब्रुवारी १९९९ रोजी, वयाच्या ५३व्या वर्षी गेले. वीसहून अधिक वर्षं शेजारच्या खुर्चीत बसलेला माणूस मरणार आहे हे ईबर्ट यांना कळलं नाही, निरोप घेता आला नाही. त्याचं दुःख त्यांना फार लागलं. आपल्यावर वेळ आली तर आपण लपवायचं नाही, असं त्यांनी आणि चॅझ यांनी तेव्हा ठरवलं.

पुढचं सगळं त्यातून आलं. २००९ मध्ये त्यांनी आपल्या दारूच्या व्यसनाबद्दल आणि तीस वर्षांच्या संयमाबद्दल उघडपणे लिहिलं. २०१० मध्ये एका मासिकात जबडा नसलेला आपला चेहरा पानभर छापू दिला. त्यामुळे जेम्स कॅमेरा घेऊन रुग्णालयात आले तेव्हा परवानगीचा प्रश्न वेगळ्याच पातळीवर होता. नायकच दिग्दर्शकाच्या पुढे होता.

एक ई-मेल चित्रपटात आहे. त्यात ईबर्ट जेम्स यांना सांगतात की पूर्ण वास्तव नसलेल्या माहितीपटाशी आपलं नाव जोडलेलं आपल्याला आवडणार नाही, आणि हा चित्रपट केवळ तुमचा नाही. हे दुसरं वाक्य एखाद्या दिग्दर्शकाला बोचलं असतं. जेम्स यांनी ते ई-मेलच पडद्यावर ठेवलं.

काय केलं

मुलाखतीची जागा ई-मेलने घेतली. जेम्स प्रश्न पाठवायचे, ईबर्ट सवडीने लिहून उत्तर द्यायचे. यात एक अनपेक्षित फायदा होता. तोंडी बोलताना माणूस अडखळतो, विषय बदलतो. ईबर्ट यांच्या उत्तरांत मात्र पन्नास वर्षं मुदतीच्या आत मजकूर देणाऱ्या पत्रकाराची सफाई होती. तोटाही होताच. उत्तर देताना चेहऱ्यावर काय उमटलं ते कॅमेऱ्याला मिळेना.

आवाजाचा प्रश्न अधिक नाजूक. आत्मचरित्रातले उतारे चित्रपटात वाचायचे होते, पण कुणाच्या आवाजात? संगणकाचा यांत्रिक आवाज ईबर्ट रोज वापरत होते. त्यांच्याच जुन्या ध्वनिमुद्रणांवरून एका कंपनीने बनवलेला कृत्रिम आवाजही २०१० मध्ये दूरचित्रवाणीवर ऐकवला गेला होता. जेम्स यांनी निवडलं ते स्टीफन स्टॅन्टन या आवाज-कलाकाराला. त्यांचा आवाज मूळ ईबर्ट यांच्या इतका जवळ जातो की पहिल्यांदा पाहणाऱ्याला जुनी फीतच चालू आहे असं वाटतं. वर्तमानातल्या दृश्यांत यांत्रिक आवाज, पुस्तकातल्या मजकुराला हा नकली पण ऊबदार आवाज. प्रेक्षकाला दोन्ही ईबर्ट भेटतात. नकलेचा संशय मला दोनदा आला आणि दोन्ही वेळा मी तो सोडून दिला. अर्थात हे प्रत्येकाने स्वतः ठरवावं.

आता ते दृश्य, ज्याबद्दल सगळे बोलतात. परिचारिका ईबर्ट यांच्या घशातल्या वाटेने नळी घालून साचलेला स्राव ओढून काढते. कॅमेरा जवळ आहे. नळी आत जाते, डोळे घट्ट मिटतात, सगळं अंग ताठ होतं. यंत्राचा ओढण्याचा आवाज खोलीभर. मग नळी बाहेर येते आणि खांदे सैल पडतात. पार्श्वसंगीत नाही, समजावणारं कुणी नाही. नंतर ईबर्ट यांनीच आनंदाने ई-मेल पाठवलं की कुणाला कधी दिसत नाही अशी गोष्ट तुम्ही टिपलीत. जेम्स कचरत होते, रुग्ण शाबासकी देत होता. याच रुग्णालयात कधीतरी त्यांनी जेम्स यांना आरशातलं स्वतःचं प्रतिबिंब टिपायला सांगितलं. समीक्षक खाटेवरूनही दिग्दर्शन करायचं सोडेना!

चॅझ यांची बाजू वेगळी होती. काय दाखवावं याबाबत त्या अधिक सावध होत्या आणि का नसाव्यात? नवऱ्याला जे सार्वजनिक सत्य वाटत होतं, ते त्यांच्यासाठी घरातलं, शुश्रूषेतलं, रोजचं होतं. ईबर्ट यांनी पुनरुज्जीवनाचे प्रयत्न करू नयेत अशा संमतिपत्रावर सही केली होती आणि चॅझ यांना ते सांगितलं नव्हतं. ती गोष्ट त्या कॅमेऱ्यासमोर सांगतात. लपवायचं नाही असं ठरवलेल्या माणसानेही एक गोष्ट लपवलीच. या एका तपशिलाने ईबर्ट यांच्या मोकळेपणाची सगळी कथा किंचित वाकडी होते आणि त्यामुळेच ती खरी वाटते.

मृत्यूचा क्षण मात्र चित्रपटात नाही. तो चॅझ यांच्या शब्दांतच येतो. इतकं सगळं दाखवल्यावर दार कुठे लावायचं याचा हा निर्णय होता. नळी दाखवणं आणि अखेरचा श्वास दाखवणं यांत फरक काय? नळीला ईबर्ट यांची संमती होती, लेखी. शेवटच्या दिवशी खोली घरच्यांची होती.

ऋणाचा प्रश्न जेम्स यांनी संकलनात सोडवायचा प्रयत्न केला. त्यांनी ऋण लपवलं नाही आणि विरोधकांना जागा दिली. समीक्षक रिचर्ड कॉर्लिस यांनी १९९० मध्ये या अंगठेबाजीने समीक्षेचा दर्जा घसरतो अशी टीका केली होती. ते चित्रपटात आहेत. शिकागोचे समीक्षक जोनाथन रोझेनबॉमही आहेत. सिस्केल यांच्या पत्नी ईबर्ट यांच्या हट्टीपणाबद्दल हसत पण स्पष्ट बोलतात. आणि ते ध्वनिमुद्रणातले टाकाऊ तुकडे! जाहिरातीचं एक साधं वाक्य, एकाची जीभ अडखळते, दुसरा टोमणा मारतो, पहिला परतवतो, पुन्हा टेक, पुन्हा टोमणा. दोन मिनिटांत कळतं की हे दोघे एकमेकांचा मनापासून राग करत होते आणि एकमेकांशिवाय त्यांचं चालतही नव्हतं. पन्नास मुलाखती घेऊन हे सांगता आलं नसतं.

निष्पत्ती

ईबर्ट गेल्यावर उरलेल्या कामासाठी लोकवर्गणी काढली गेली. दीड लाख डॉलरचं लक्ष्य होतं, थोडी अधिकच जमली. जानेवारी २०१४ मध्ये सनडान्स महोत्सवात पहिला खेळ झाला, तेव्हाच वर्गणीदारांना तो घरबसल्या इंटरनेटवर दाखवण्यात आला. शेवटची वर्षं ज्यांनी ईबर्ट यांना संगणकाच्या पडद्यावरच वाचलं होतं, त्यांच्यासाठी हे योग्यच. ४ जुलै २०१४ ला चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि पुढच्या जानेवारीत सीएनएनवर दाखवला गेला.

समीक्षकांनी जवळजवळ एकमुखाने उचलून धरलं. निर्मात्यांच्या संघटनेचं सर्वोत्तम माहितीपटाचं पारितोषिक मिळालं. ऑस्करच्या पंधरा चित्रपटांच्या प्राथमिक यादीत तो होता, अंतिम पाचांत नाही. 'हूप ड्रीम्स'च्या वेळी ओरडणारे दोघेही आता नव्हते.

वेगळं काय करता आलं असतं

चित्रीकरण वर्षभर आधी सुरू व्हायला हवं होतं, हे उघड आहे आणि म्हणायला सोपं आहे. तरी म्हणतो. आत्मचरित्र २०११ मध्ये आलं, आजार तेव्हाही होताच. वयस्क किंवा आजारी व्यक्तीवर माहितीपट करणाऱ्याने पैशाची जुळवाजुळव संपायची वाट पाहू नये. एक माणूस, एक कॅमेरा घेऊन काही दिवस तरी आधी टिपून ठेवावे.

दुसरी गोष्ट संमतीची. इथे ती ई-मेलमध्ये, वेळोवेळी, नायकाच्याच शब्दांत नोंदली गेली आणि हे सुदैव. बहुतेक ठिकाणी सुरुवातीला एक कागद सही करून घेतला जातो आणि मग कुणी विचारत नाही. माणूस वेदनाशामकांवर असताना, मरणाच्या जवळ असताना, सहा महिन्यांपूर्वीची सही पुरेशी नसते. शिवाय शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीची संमती वेगळी घ्यावी लागते. चॅझ यांना नाही म्हणण्याची मुभा किती होती, हे चित्रपट पाहून नीटसं कळत नाही. कोणती दृश्यं नायक गेल्यावर वापरायची आणि तो हक्क कुणाकडे, हे आधी लिहून ठेवलेलं बरं.

तिसरी माझी तक्रार आहे. हा चित्रपट ईबर्ट माणूस म्हणून फार जवळून दाखवतो, समीक्षक म्हणून तितक्या जवळून नाही. तो परीक्षण कसं लिहायचा? अंधारात वहीत काय टिपायचा, पहिलं वाक्य कधी सुचायचं, मत बदललं तर काय करायचा? आजाराने कथेचा ताबा घेतला की हे असं होतं, कारण रुग्णालयातली दृश्यं बाकीचं सगळं फिकं पाडतात. एखादं परीक्षण घेऊन, तो चित्रपट आणि तो मजकूर समोरासमोर ठेवून पाच-सात मिनिटं काढता आली असती. दिग्दर्शकाचं ऋण इथे आडवं आलं असावं असा माझा कयास आहे. ज्या लिखाणाने आपलं भलं केलं ते उलगडून तपासायला हात धजावत नाही.

आणि प्रश्नांची यादी. जेम्स यांनी ईबर्ट यांना विचारायचं असं बरंच काही शेवटासाठी राखून ठेवलं होतं, बालपणाबद्दल, आई-वडिलांबद्दल, कामाबद्दल. एप्रिल जवळ आला तसं उत्तरांचं अंतर वाढत गेलं, मजकूर लहान होत गेला. शेवटच्या प्रश्नांना आलेलं उत्तर पडद्यावर दिसतं. इंग्रजीतले दोनच शब्द, पहिलं अक्षरही लहान लिपीत, कारण मोठं करायचं बळ नसावं. त्यांचा अर्थ: मला जमत नाही.

त्या यादीतले अवघड प्रश्न जेम्स यांनी डिसेंबरातच, पहिल्याच आठवड्यात पाठवले असते तर?